गच्चीवरच्या कुरडया

शेजारी टॉवरचं काम सुरू झालं आणि इंदूकाकूंच्या नवऱ्याचा, आप्पांचा, दमा बळावला. तक्रारींना कंटाळून बिल्डर भोईटे स्वतः घरी आले.

“काकू, हिरवी जाळी लावलीय. धूळ तुमच्याकडे येतच नाही.”

काकूंनी वाद घातला नाही. गच्चीवर वाळवलेल्या कुरडया तळून पुढे ठेवल्या. पहिल्याच घासाला भोईट्यांच्या दाताखाली कचकच झाली. त्यांनी हळूच ताटली बाजूला सारली.

काकू म्हणाल्या, “साहेब, तुम्हाला घास बाजूला सारता आला. ह्यांनी श्वास कुठे सारायचा?”

खोकला आतून ऐकू येत होता. भोईटे खाली मान घालून उठले. दुसऱ्या दिवसापासून साइटवर धूळ बसवायला पाणी मारलं जाऊ लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात कुरडया स्वच्छ निघाल्या. त्या आवडीने खाणारे आप्पा मात्र तोवर राहिले नव्हते.