मेलेल्या भिवाची साक्ष

“मेलेल्या भिवाची साक्ष आण, नाहीतर घराची किल्ली रावजीच्या हातात ठेव!” राजा चंद्रभानानं भर दरबारात फर्मावलं.

येसू बघतच राहिली. बाप जाऊन चार दिवस झाले नव्हते, डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं, आणि तिचा चुलता रावजी दरबारात हजर! म्हणे, शेवटचं गंगाजल तोंडात घालताना भिवादादा म्हणाला, ‘रावजी, घर तुला.’ येसू तेव्हा वैद्याला आणायला धावली होती. घरात तिसरं माणूस नव्हतं. मृत्युपत्र करायचं म्हणून भिवा वर्षभर ‘करू, करू’ म्हणत राहिला. लिहिलं की माणूस मरतो, अशी त्याची समजूत! न लिहिताच मेला बिचारा.

घर साधंच, पण वरचं सपाट मातीचं धाबं असं ऐसपैस की सगळी आळी पापड-कुरडया तिथंच वाळत घाली. राखण येसूची, आणि त्याबद्दल जे मिळे त्यावर बाप-लेकीचं भागे. काठीला घोंगडीची काळी चिंधी बांधून ठेवली की कावळ्यांना वाटे, आपलाच कोणी भाऊबंद मरून लटकलाय! मग एकही तिकडे फिरकत नसे. हे घर गेलं तर येसूचं छप्परही जाणार होतं आणि पोटही.

“महाराज, काकांच्या बोलण्याला साक्षीदार कोण?” येसूनं धीर करून विचारलं.

“तोच! ऐकणारा तो, सांगणारा तो. खोटं असेल तर भिवानं येऊन सांगावं!” राजा एकदा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसे.

रावजी मिशीत हसला. “पिंडही मीच देणार, महाराज. वारसाचं कामच ते!”

येसूनं मान वर केली. “बरं! आबांची साक्ष आणते. मात्र महाराजांनी दहाव्याला नदीवर यायला हवं.”

“येतो! मेलेला माणूस बोलताना मीही पाहिलेला नाही!”

दहाव्याला नदीवर ही गर्दी उसळली! रावजीनं पिंड मांडला, हात जोडले आणि सगळे मागे सरले. बाभळीवर कावळ्यांची सभाच भरली होती. येसू पिंडापासून थोड्या अंतरावर काठी टेकून, अंगावर घोंगडी घेऊन बसली होती. भर उन्हात घोंगडी! पण ज्या पोरीचा बाप गेला, तिनं काय पांघरलं हे कोण विचारतो? काठीच्या टोकाला एक काळी चिंधी वाऱ्यावर फडफडत होती.

कावळे काव काव करत, घिरट्या घालत, पुन्हा बाभळीवर जाऊन बसत. पिंडाला एकही शिवेना.

“भिवाचा जीव कशात तरी अडकलाय,” भटजी म्हणाले. “रावजी, इच्छा पुरी करतो म्हणा!”

“भिवादादा, येसूचं लग्न थाटात करून देईन!”

कावळे ढिम्म.

“दारच्या गाईत अडकला असेल जीव,” एक म्हातारी म्हणाली.

“गाईला पोटच्या पोरीसारखं सांभाळीन!”

ढिम्म! कोणी तंबाखू सुचवली, कोणी काशीयात्रा. रावजीनं सगळं कबूल केलं. सूर्य डोक्यावर आला. कावळा शिवल्याशिवाय जेवण नाही, त्यामुळे राजाच्या पोटातले कावळे मात्र जोरात ओरडू लागले.

येसूला भरून आलं. ‘आबा, भूक लागली असेल तुम्हाला,’ ती मनात म्हणाली, ‘जरा दम धरा.’

भटजींनी सुस्कारा सोडला. “आज शिवला नाही, तर भिवा कुठं जायचा नाही. भूत होऊन घरातच राहील.”

“घरात? कुठल्या घरात?” रावजीला दरदरून घाम फुटला. “म्हणजे माझ्या उशाशी?” आणि धाडकन पिंडापुढे लोटांगण घालून तो ओरडला, “भिवादादा, चुकलो रे! तू घराबद्दल चकार शब्द बोलला नव्हतास! घर येसूचं! सुखानं जा बाबा!”

येसू उठली. तिनं काठी घोंगडीत गुंडाळली आणि डोळे पुसत ती दूर जाऊन उभी राहिली. बाभळीवरून एक कावळा झेपावला, पिंडाला शिवला आणि पाठोपाठ सगळ्यांची पंगतच बसली!

राजाचे डोळे बारीक झाले. “पोरी, इकडे ये. त्या काठीला काय बांधलंस?”

“वाळवण राखायची चिंधी, महाराज.”

“म्हणजे कावळे तू अडवलेस! मग ही भिवाची साक्ष कशी?”

“कावळे मी अडवले, महाराज. पण आबांचा जीव कशात अडकलाय, हे मी सांगितलं नाही. भटजींना ते सुचलं नाही, गावाला सुचलं नाही. कोणी गाय म्हणालं, कोणी तंबाखू. घर एकट्या काकांनाच कसं आठवलं? आबांच्या शेवटच्या घटकेला जवळ तेच होते ना!”

राजानं काठीकडे पाहिलं, रावजीकडे पाहिलं. मग असा खदाखदा हसला की बाभळीवर परतलेले कावळेही उडाले!

“घर येसूचं! आत्ताच कागद करा, दरबाराचा शिक्का मारा! आणि दवंडी पिटा: ज्याला घर मिळायचं, त्याच्या एकट्याच्या साक्षीवर आमच्या राज्यात घर द्यायचं नाही! राजवाड्याचं वाळवण यंदापासून येसूच्या धाब्यावर, राखणीचा पगार खजिन्यातून!”

“आणि मी, महाराज?” रावजी पुटपुटला.

“तू? तू लग्न कबूल केलंस, गाय कबूल केलीस, काशीयात्रा कबूल केलीस! सगळं गाव साक्षीला आहे. लाग कामाला!” राजानं पोटावर हात फिरवला. “आणि आता पानं वाढा रे, कावळे कधीचे जेवून मोकळे झाले!”