मोरांचा चांदवा आणि धरणारे हात

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर अजबखान्यातल्या वस्तू तेव्हाही जुन्याच होत्या, पण राजे अजून आपल्या पायांनी चालत यायचे, इतकी पूर्वीची.

एका राजाच्या गावात एक मोठा अजबखाना होता. त्यात काय नव्हतं ते विचारा! हस्तिदंती पालखी होती, माणूस लपेल एवढे रांजण होते, पणजोबांच्या पणजोबांच्या ढाली-तलवारी होत्या. आणि या सगळ्यांत मानाचा होता मोरांचा चांदवा. अंगणाएवढं रेशमी छत, त्यावर जरीचे मोर. दर दसऱ्याला तो दरबारात राजाच्या डोक्यावर ताणायचा आणि त्याखाली आपट्याचं सोनं वाटायचं, अशी रीत. चांदवा नाही तर दसरा नाही.

हा चांदवा सांभाळायची ठकूबाई. वर्षभर त्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालायची, वेखंड ठेवायची, कसर लागली का ते बघायची. पण चांदवा उघडायचा म्हटलं की ते एकटीचं काम नव्हे. रेशीम जुनं आणि जर जड. एका बाजूनं ओढ बसली की फाटलंच म्हणून समजा. म्हणून धूळ पुसणारे, दिवे लावणारे, झाडूवाल्या, दारावरचा म्हातारा पहारेकरी तात्या, असे सगळे कडेकडेनं उभे राहायचे. हातात कड आली की ज्यानं त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "धरलं!" सगळ्यांचं "धरलं" ऐकू आलं की मगच उचलायचा. आणि एकदा धरलं की काम पुरं होईपर्यंत कुणी सोडायचं नाही. हाताला मुंग्या येवोत, नाहीतर नाकावर माशी बसो! ही रीत कुणी शिकवली ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ती मोडल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

आता ऐका पोटाची गोष्ट. या लोकांना पगार म्हणून ज्वारी मिळायची. थोरल्या महाराजांच्या काळी शिगोशीग भरलेलं माप मिळे. मग नवे दिवाणजी आले. त्यांनी मापावरून हात फिरवला आणि वरची शीग पाडली. पुढे जे नव्यानं कामाला लागले त्यांना तर अर्ध्याच मापावर ठेवलं. कुणी कुरकुर केली की दिवाणजी डोळे मिटून म्हणत, "अरे, केवढ्या थोर वस्तूंची सेवा करता तुम्ही! हे पुण्याचं काम. पुण्याला कुणी पगार मागतं का?"

"पुण्य चुलीवर ठेवलं तर शिजत नाही, दिवाणजी," ठकूबाई एकदा म्हणालीच. जरा फटकळच होती ती.

पण घरी आली की तिचा फटकळपणा कुठच्या कुठे जाई. कणगीचा तळ दिसायला लागला होता. परगावच्या सावकाराचा निरोप आला होता, 'पोरीला धुण्याभांड्याला पाठवून दे, दोन वेळचं जेवण घालू.' पोरगी, म्हणजे चिमी, तोंडानं काही बोलायची नाही. आईच्या ताटात लहान भाकरी दिसली की आपली निम्मी मोडून तिकडे सरकवायची, बस. ठकूला रडू यायचं. आणि रडण्यापेक्षा जास्त राग यायचा.

शेवटी एके दिवशी सगळे अजबखान्यामागच्या चिंचेखाली बसले आणि त्यांनी आपला संघ केला. एक जण तावातावानं म्हणाला, "सगळं टाकून घरी बसू! लागू दे कसर, खाऊ दे वाळवी. मग येतील दिवाणजी पाया पडायला."

"वस्तूंनी काय घोडं मारलंय आपलं?" ठकू म्हणाली. "ज्याला आपण जपलं त्याचाच घास वाळवीला द्यायचा? ते नाही जमायचं. धूळ पुसायची, पाला घालायचा, सगळं सांभाळायचं. पण सगळ्यांना शिगोशीग माप मिळेपर्यंत अजबखान्याचा दरवाजा उघडायचा नाही आणि चांदवा उचलायचा नाही."

म्हातारा तात्या मूठ वर करून म्हणाला, "धरलं!" बाकीचे आधी हसले आणि मग एकेक जण म्हणत गेला, "धरलं! धरलं!" झाडूवाली शेवटची होती. तिनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

संघाचं मागणं ऐकून दिवाणजींनी पानाचा विडा तोंडात टाकला. "असं होय? बघू, बघू," म्हणाले आणि सगळ्यांना वाटेला लावलं. ठकूला मात्र मागे थांबवून घेतलं.

"ठकूबाई, तू शहाणी आहेस," ते गोडीत म्हणाले. "तुझ्या पोरीला परगावी पाठवायची वेळ आली म्हणे. कशाला पाठवतेस? उद्यापासून तुला शिगोशीग माप. एकटीला. तू फक्त त्या लोकांना सांग, की झालं गेलं विसरा आणि दसऱ्याला चांदवा उचला. तुझं ऐकतात ते."

अहो, बोलणं सोपं असतं! ठकूच्या डोळ्यांपुढे चिमी आली, मोडलेली भाकरी पुढे सरकवणारी. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या भाकरीमागोमाग झाडूवालीचा आवाजही कानात आला, सगळ्यांत मोठा.

"दिवाणजी," ती म्हणाली, "मी कड धरली आहे. आता मी एकटीनं सोडली तर सगळंच फाटेल."

"कसली कड?" दिवाणजींना काही कळेना.

"ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही कधी धरलीच नाही." आणि पदर सावरून ती निघाली. वाटेत मात्र रडली. पोरीला काय सांगायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दसरा उजाडला. दिवाणजी हार मानणारे थोडेच! त्यांनी बाजारातून हमाल आणले. गडी धट्टेकट्टे, धान्याची पोती पाठीवर वाहणारे. दिवाणजींनी आपल्याजवळच्या किल्लीनं अजबखाना उघडून दिला, हमालांनी पेटी दरबारात नेली, चांदवा फरशीवर पसरला. इतक्यात राजा आला, पाहुणे आले. संघाची माणसं दाराशी शांतपणे उभी होती.

"हं, उचला!" दिवाणजी ओरडले.

हमाल बिचारे पोती उचलायला शिकलेले. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं ओढलं. चांदवा एका अंगानं वर गेला, दुसरं अंग खालीच राहिलं आणि मधेच चर्र असा आवाज आला. एका मोराच्या पिसाऱ्याला चीर पडली होती.

दाराशी कुणीतरी पुटपुटलं, "फाटू दे! होऊ दे दिवाणजींची फजिती!" खोटं कशाला बोलू, ठकूच्याही मनात तेच आलं. पण तिचे पाय मनापेक्षा शहाणे होते. "थांबा!" म्हणत ती धावली आणि तिनं कड धरली. "धरलं!" तिच्यामागून सगळा संघ धावला. हमाल बाजूला झाले. दरबारात आवाज घुमला, "धरलं! धरलं! धरलं!" चांदवा कमरेएवढ्या उंचीवर सारखा झाला. फक्त एक कोपरा लोंबत राहिला, कारण दिवेवाला तापानं घरी पडला होता.

"दिवाणजी," राजा घाईनं म्हणाला, "बघता काय? धरा!"

दिवाणजींनी कोपरा धरला. राजा खूश झाला. "शाब्बास! आता चढवा वर."

"नाही, महाराज," ठकू म्हणाली.

राजाच्या कपाळाला आठी पडली. "हुकूम मोडतेस?"

"आमच्या पोटाचं ऐकल्याशिवाय वर चढवणार नाही, महाराज. पण खाली पडूही देणार नाही. असेच धरून उभे राहू." मग कड तशीच धरून तिनं पाडलेली शीग सांगितली, अर्धी मापं सांगितली, पुण्याची गोष्ट सांगितली. राजा ऐकत होता.

"बरं, तुला देतो शिगोशीग," राजा म्हणाला.

"मला एकटीला नको. ते आधीच देऊ केलं होतं मला. सगळ्यांना द्या."

"जुन्या माणसांना देऊ."

"नव्यांनाही. त्यांच्या हातात काय कमी वजन आहे?"

इकडे दिवाणजींच्या कपाळावर घाम आला होता. जरीचा भार मनगटात उतरला होता. "महाराज... हात भरून आले. कुणाला तरी..."

"अहो, पुण्याचं काम ना हे?" राजा म्हणाला. "मला तुम्हीच तर सांगत होता."

दिवाणजींनी बोटं हळूच सैल केली. शेजारी तात्या होता. "सोडायचं नाही हं, दिवाणजी! सोडलंत तर चिरेचं भगदाड होईल, आणि सगळा दरबार बघतोय."

दिवाणजींचे दंड लटलटायला लागले. नाकावर माशी बसली. ती काही उठेना. शेवटी ते अगदी काकुळतीला येऊन ओरडले, "द्या हो महाराज! सगळ्यांना द्या! शिगोशीग द्या!"

सगळा दरबार खो खो हसला. राजाही हसला, पण मग गंभीर झाला. "दिलं," तो म्हणाला. "सगळ्यांना. नव्या-जुन्यांना."

"आणि माप सगळ्यांसमोर भरायचं," ठकू म्हणाली. फटकळच ती!

"सगळ्यांसमोर भरायचं," राजा म्हणाला.

तेव्हा कुठे ठकूनं हाळी दिली आणि मोरांचा चांदवा एका दमात वर गेला. दिवाणजीही हात वर करून उभे होते, कारण दोऱ्या बांधून होईपर्यंत रीत काही त्यांना सोडत नव्हती.

चीर ठकूनं पुढे शिवली. तरी टाका दिसायचा, आणि दर दसऱ्याला लोक मान वर करून तोच शोधायचे.

पहिलं माप मिळालं त्या दिवशी चिमी आईबरोबर गेली होती. शीग ढळू नये म्हणून तिनं घरापर्यंत मापाभोवती दोन्ही हात धरले होते. सावकाराचा माणूस दारात बसला होता, पोरीला न्यायला. ठकूनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "मालकांना सांगा, पोरगी येणार नाही." त्या संध्याकाळी दोन्ही ताटांत भाकरी सारखी होती.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामाला पुण्य म्हणण्याआधी त्याची एक कड स्वतः धरून बघावी, आणि हक्काचं मागताना सगळ्यांनी मिळून धरावं, एकट्यानं सोडू नये.