नाजा आणि गोठलेली खाडी

एकदा काय झालं, पार वर उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात सूर्य झोपतच नाही, तिथे डोंगरांच्या मधे घुसलेली समुद्राची एक लांबलचक खाडी होती. कड्यांवर पाखरांचा कलकलाट. पाण्यात घराएवढाले बर्फाचे डोंगर, संथ तरंगणारे. काठावर नाजा नावाची एक बाई राहायची.

त्या वर्षी थंडी लवकर आली. खाडी गोठली. नाजा बर्फावरून चालली होती, तर आवाज आला, फूऽस! फूऽस! बघते तर काय, बर्फाला एवढंसं भोक. त्यात देवमाशाची आई आणि तिचं राखाडी पिल्लू आळीपाळीनं डोकं वर काढत होती. देवमाशांना श्वासाला वर यावंच लागतं, बरं का! आणि भोक तर मिटत चाललेलं.

"बाई गं, माझं राहू दे, लेकराला वाचव," आई म्हणाली.

नाजानं काठीनं बर्फ फोडला. फोडला तसा पुन्हा गोठला. मग तिनं सीलमावशीला हाक मारली. मावशीनं नखांनी खरवडून मोकळ्या समुद्राच्या दिशेनं पुढे एक भोक केलं. मायलेकरं तिथवर गेली. मग वॉलरसआजोबा आले. सुळ्यांनी दणादण घाव घालून त्यांनी आणखी पुढे एक केलं. पण त्यापुढचा बर्फ भिंतीसारखा! आजोबा दमून बसले.

मग आलं पांढरं अस्वल. भुकेलं! पिल्लाकडे बघून जिभल्या चाटायला लागलं. नाजा चटकन मधे उभी राहिली.

"अस्वलदादा, माझ्या दारची लेकुरवाळी आहे ती. हात लावायचा नाही."

"मग मी काय खाऊ?"

"माझी सगळी सुकी मासळी घे. पण आधी बर्फ फोड."

"आणि हिवाळाभर तू काय खाशील?"

"ते मी बघते."

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं आणि धाडकन आदळलं. कडाड! चीर थेट मोकळ्या समुद्रापर्यंत गेली. पिल्लू पुढे, आई मागे, गेली सुळ्ळकन!

नाजानं मासळी आणून ठेवली. अस्वलानं अर्धी खाल्ली, मोठी ढेकर दिली आणि म्हणालं, "भरलं गं पोट. उरलेली तुझी."

खोटं बोलत होतं लबाड! त्याचं पोट कुठलं एवढ्यात भरतंय?

मग नाजा सुखात राहिली, देवमाशाचं बाळ आईच्या कुशीत निजलं. आता तुम्हीही निजा बघू. ये गं, सरक इकडे.