सोन्याची राणी आणि गढूळ पाणी

फार पूर्वी, एका मोठ्या तलावाच्या बांधाखाली वसलेल्या नगरात एक बाहुलीवाला राहत होता. चामडं पातळ तासून तो बाहुल्या कापायचा, रंगवायचा आणि पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून त्यांच्या सावल्या नाचवायचा. त्याचा वाघ पडद्यावर आला की पुढे बसलेली मुलं पाय आखडून घ्यायची.

एके दिवशी राजाने त्याला बोलावलं. "माझ्या आजीचा खेळ कर. थोरल्या राणीने हे नगर पुरातून वाचवलं असं सगळे म्हणतात. ते मला डोळ्यांनी पाहायचं आहे."

तो दिवस पाहिलेली, थोरल्या राणीची एक दासी तेवढी अजून जिवंत होती. बाहुलीवाला तिच्या झोपडीत गेला. म्हातारी सांगू लागली, "मी तेव्हा दहा वर्षांची. राणीच्या केसांना तेल लावत होते. राखणदार धावत आला, म्हणाला, बांधातून पाणी पाझरतंय. राणी तशीच उठली. बांधाखाली जाऊन तिनं पाणी ओंजळीत धरलं. गढूळ होतं! म्हणजे आतली माती सुटली. तिचे हात असे कापत होते की ओंजळ रिकामी झाली. मग ती पळाली रे बाबा, मोकळ्या केसांनी, अनवाणी, दारोदार. 'टेकडीवर चला' म्हणून ओरडत. जे हलेनात त्यांच्या पाया पडून रडली. सूर्य डोक्यावर यायच्या आत बांध फुटला. घरं गेली, पण माणूस एक नाही गेलं."

बाहुलीवाल्याने तशीच राणी कापली. केस सुटलेले, डोळे विस्फारलेले.

प्रधानाने ती पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही राणी? ही तर भेदरलेली बाई आहे. महाराजांना ही चालेल असं वाटतं तुला? मागच्या भाटाने राजघराण्याची थट्टा केली. तो बायकामुलांसकट रानात हाकलला गेला. तुला दोन मुली आहेत ना?"

 बाहुलीवाल्याने ती राणी पेटीच्या तळाशी सरकवली आणि दुसरी केली. तिच्या सोनेरी शालूला सुईने हजारो भोकं पाडली. दिवा लावताच शालू चांदण्यांसारखा लुकलुकू लागला. मागे हत्तींची रांग, बागेत मोर. राणी बांधावर आरतीचं ताट घेऊन उभी राहते, आणि पाणी हात जोडून मागे सरतं.

खेळाला सारं नगर लोटलं. लोक शालूकडे बघतच राहिले. पण खेळ संपल्यावर घरी परतताना ते बोलू लागले.

"हत्ती काय सुरेख होते!" एकजण म्हणाला.

"होते खरे. पण राणीने केलं काय?"

"उभी राहिली की."

म्हातारी काठी टेकत बाहुलीवाल्यापाशी आली. "चित्रं फार देखणी होती, लेकरा. पण मी जिच्या केसांना तेल लावलं, ती यात आलीच नाही."

राजा मात्र खूश झाला. त्याने हातातलं कडं काढून दिलं, आणि दरवर्षी हाच खेळ व्हायचा हुकूम सोडला. म्हातारी त्याच हिवाळ्यात गेली. आता खरी गोष्ट ठाऊक असलेला एकटा बाहुलीवालाच उरला.  प्रधानाने नुसती बाहुली पाहिली होती, गोष्ट ऐकलीच नव्हती.

तिसऱ्या वर्षी पाऊस सरता सरेना. आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी सकाळी राखणदार ओरडत आला, "बांध पाझरतोय!"

राजाने सगळ्या नगराला बोलावलं. "घाबरू नका. थोरल्या राणीने केलं तेच आपण करू."

बांधाखाली माणसं दाटीने उभी राहिली. ढोल वाजू लागले. कडेवर लेकरं, हातात फुलं. तुळाजी कोष्टी आणि त्याची बायको सगुणा तर थेट बांधावर चढून बसली, आरती नीट दिसावी म्हणून. बाहुलीवाल्याच्या पायांना पाणी लागलं. त्याने खाली पाहिलं.

पाणी गढूळ होतं.

त्याला म्हातारीचं बोलणं आठवलं, पण मनात आलं: बोललो तर खोटारडा ठरेन. प्रधान दोन हातांवर उभा आहे. इतक्यात धाकट्या मुलीने त्याचं बोट ओढलं. "बाबा, आता पाणी मागे जाईल ना? तुमच्या खेळात जातं तसं?"

 "पळा!" बाहुलीवाला किंचाळला. "टेकडीवर पळा! माझा खेळ खोटा होता!"

"धरा त्याला!" प्रधान ओरडला.

पण बाहुलीवाला राजासमोर गुडघ्यांवर पडला होता. ओंजळ पुढे करून तो म्हणाला, "महाराज, हे पाणी बघा. थोरल्या राणीने आरती केलीच नाही. गढूळ पाणी पाहून ती पळाली आणि सगळ्यांना घेऊन गेली."

राजाने हातातलं आरतीचं ताट बाजूला धरून ओंजळीत पाहिलं. "आजी भ्याली होती?"

"थरथर कापत होती, महाराज. म्हणून तर नगर वाचलं."

राजाने ताट फेकलं. शेजारच्या बाईचं मूल उचलून तो धावत सुटला, "टेकडी! टेकडी!" ओरडत. मग सगळेच धावले. घसरले, उठले, पुन्हा धावले. शेवटची माणसं चढावर असतानाच मागे डोंगर फाटल्यासारखा आवाज झाला. कुणी वळून पाहिलं नाही.

टेकडीवर माणसं मोजली. दोन कमी होती. तुळाजी आणि सगुणा.

बाहुलीवाला तोंड झाकून बसला. राजा चिखलाने माखलेला, त्याच्याजवळ आला.

"तू प्रधानाला भ्यालास?"

"हो, महाराज."

"आणि प्रधान मला." राजाने खाली पसरलेल्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुन्हा खेळ कर. भ्यालेली राणी दाखव. त्या दोघांना त्यांच्या नावाने दाखव. आणि बांधाखाली ताट घेऊन उभा राहिलेला राजाही दाखव. त्याला सुंदर करू नकोस."

तात्पर्य: थोरांना मखरात बसवलं की ते देखणे दिसतात, पण कामाला येत नाहीत. त्यांची भीतीही जशी होती तशीच सांगावी; पुढच्यांना वाचवते ती तीच.