पेटीतले पंख

जिथे बसचा रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो, तिथे पांगाऱ्याच्या लालभडक फुलांखाली एक चिमुकलं गाव आहे. त्या गावात बकुळा नावाची नऊ वर्षांची मुलगी राहायची. तिच्या फ्रॉकला दोन ठिगळं होती, एक हळदीसारखं पिवळं आणि एक आभाळासारखं निळं. पण ती हसली की गालावर इवलीशी खळी पडायची आणि मग ठिगळांकडे कुणाचं लक्षच जायचं नाही.

बकुळाची आई दिवसभर लोकांचे कपडे इस्त्री करायची आणि बकुळा ते घरोघर पोचवायची. तिची धाकटी बहीण निशिगंधा सहा वर्षांची होती. तिला सगळे निशू म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी निशू पेरूच्या झाडावरून धपकन पडली आणि तिच्या पायाला मांडीपर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर बसलं.

"दीड महिना चालायचं नाही हं," डॉक्टर म्हणाले.

दीड महिना! म्हणजे अख्खी सुट्टी. निशू खिडकीशी बसून चिमण्यांकडे बघत राहायची. एकदा ती हळूच म्हणाली, "ताई, मला उडता आलं असतं ना, तर पाय लागलेच नसते गं."

बकुळाला आठवलं, बाजारातल्या दुकानात काचेआड एक व्हिडिओ गेम होता. त्याचं नाव 'फुलपंखी बेट'. त्याच्या डब्यावर जांभळ्या समुद्रावरून एक मुलगी उडत होती आणि तिच्या पंखांतून चांदणं सांडत होतं. खेळायचं यंत्र तर घरात होतंच. ज्यांचे कपडे ती पोचवायची त्या देवस्थळीबाईंनी आपल्या मुलाचं जुनं यंत्र बकुळाला दिलं होतं. फक्त खेळ नव्हता.

बकुळाने वर्षभर साठवलेल्या खाऊच्या पैशांचा डबा दुकानाच्या टेबलावर रिकामा केला. खळ्ळ!

"महागाचा आहे बाळा," दुकानदारकाका म्हणाले, "पण एकदा घेतलास की अख्खा खेळ तुमचा."

आणि काय सांगू, कित्ती सुंदर होतं ते बेट! गुलाबी गवत, पोपटी ढग, काचेच्या घंटांसारखी किणकिणणारी फुलं. निशूचे डोळे लखलखले. "पंख कुठेत ताई? पंख?"

पंख एका झाडाखाली होते. म्हणजे झाडाखाली एक झगमगती पेटी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'आत पंख असू शकतात!' पेटीला होतं टपोरं कुलूप. किल्ली हवी तर पाचशे दवाचे थेंब द्यायचे. एका फुलात एकच थेंब. वाका, वेचा. पुन्हा वाका, पुन्हा वेचा.

दोघी बहिणी तीन दिवस वेचत राहिल्या. निशूचा अंगठा दुखायला लागला की बकुळा वेचायची, बकुळाचा दुखला की निशू. शेवटी पाचशे भरले. किल्ली फिरली. सनई वाजली, इंद्रधनुष्य उमटलं, पेटीचं झाकण उघडलं आणि आतून निघाली...

एक हिरवी टोपी.

"टोपी?" निशू म्हणाली.

"असू दे," बकुळा म्हणाली. "पुढच्या पेटीत असतील पंख."

आणखी तीन दिवस गेले. पुन्हा सनई, पुन्हा इंद्रधनुष्य. आणि आतून? तीच हिरवी टोपी! तोच गोंडा, तोच काठ. निशू रडलीसुद्धा नाही. ती नुसती बघत राहिली, जणू कुणीतरी तिच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

मग पडद्यावर अक्षरं चमकली. 'यापुढे किल्लीला सातशे थेंब. दमलात? मोठ्यांच्या फोनवरून पैसे भरा, किल्ली लगेच!'

"अजून पैसे?" निशूने विचारलं. "पण आपण दिले ना ताई? सगळेच्या सगळे दिले ना?"

आईचा फोन फळीवर होता. बकुळाचा हात फळीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. फोनमध्ये आईच्या इस्त्रीचे पैसे होते. आईच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग बकुळाला आठवला.

"नाही निशू," ती म्हणाली. "ते आईचे आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बकुळा कपडे पोचवून बागेतून परत येत होती. डोक्यावर घरी न्यायच्या चादरींचं छोटं गाठोडं, हातात देवस्थळीबाईंनी घेऊन दिलेला बर्फाचा नारिंगी गोळा. तो तिने अजून एकदाही चोखला नव्हता. एवढ्यात बाकाखालून किणकिणता आवाज आला.

"ओढू नकोस! ओढू नकोस! फाटेल!"

बकुळाने वाकून पाहिलं. बाकाखाली बोटाएवढी एक परी होती! मोरपंखी झगा, मोहरीएवढे चमचमते डोळे, आणि एक तलम पंख कुणीतरी चिकटवलेल्या च्युइंगममध्ये घट्ट रुतलेला.

"अगं बाई! हे कुणी केलं?" बकुळा म्हणाली.

"ज्याने चघळलं त्याने!" परी हुंदका देत म्हणाली. "सकाळपासून अडकलेय मी."

बकुळाने क्षणभर विचार केला. गार केलं की च्युइंगम कडक होतं, हे तिला कपड्यांवर चिकटलेलं काढताना कळलं होतं. तिने आपला गोळा त्या डिंकावर हळूहळू फिरवला. बर्फ वितळत गेला, नारिंगी थेंब ओघळत गेले, आणि च्युइंगमचे कडक तुकडे टिकटिक गळून पडले. पंख सुटला. गोळ्याची मात्र नुसती काडी उरली.

परी हवेत गिरकी घेऊन बकुळाच्या नाकासमोर थांबली. तिच्या झग्याचा काठ नारिंगी झाला होता. "माझं नाव पिसोळी. तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण आधी नियम ऐक. मोडलेलं हाड मी जोडत नाही, ते हाडानेच हळूहळू जुळायचं असतं. पैसे मी देत नाही. आणि तिसरं नीट ऐक. आपल्या घरापुरतं मागितलंस तर तत्क्षणी मिळेल. सगळ्यांसाठी मागितलंस तर तुझा वाटा सगळ्यांच्या शेवटी. मागण्याआधी काय मिळणार ते मी सांगेन, मगच हो म्हण."

"आधी सांगणार?" बकुळा चकित झाली.

"म्हणजे? न सांगता कोण देतं?"

मग बकुळाने पेटीची सगळी हकिगत सांगितली. ऐकता ऐकता परीचे मोहरीएवढे डोळे वाटाण्याएवढे झाले.

"पुरे पैसे घेतले? आणि वर पंख कुलुपात ठेवले? आणि पुन्हा पैसे मागतात? चल, मला बघू दे ती पेटी!"

पिसोळी चादरीच्या घडीत लपून घरी आली. आई कोपऱ्यावर इस्त्रीच्या गाडीशी होती. परीला बघून निशूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, नाहीतर सगळी गल्ली गोळा झाली असती. बकुळाने निशूला पाठुंगळी घेतलं. दोघींनी परीचं एकेक इवलंसं बोट धरलं आणि सुर्रकन तिघी पडद्याच्या आत!

बेटावर उसाच्या रसासारखा गोड वास होता. गुलाबी गवत पोटऱ्यांना गुदगुल्या करत होतं. पण बकुळाचं लक्ष गेलं ते मुलांकडे. शेकडो मुलं! गावोगावची, घराघरातली. सगळी वाकलेली, सगळी दव वेचत. वर पोपटी ढग तरंगत होते, पण एकाचीही मान वर नव्हती.

"किती दिवस वेचतेयस?" बकुळाने जवळच्या मुलीला विचारलं. तिचं नाव मुमताज होतं आणि तिची बोटं गाजरासारखी लाल झाली होती.

"एकवीस," मुमताज म्हणाली. "नऊ टोप्या आहेत माझ्याकडे. हिरव्या. तुला हवी का?"

तेवढ्यात एक माणूस लगबगीने आला. अंगात गुलाबी कोट, मिशांना तेल, बोलणं मधासारखं. तो पेटीवाला होता.

"या या! थेंब आणलेत?"

"काका, आम्ही दुकानात पूर्ण पैसे दिलेत," बकुळा म्हणाली.

"दिलेत की, बाळा. ते बेटावर यायचे."

"आणि पंख?"

"पंख काय, ज्याच्या त्याच्या नशिबाचे!"

"पण डब्यावर तर उडणारी मुलगी होती!" निशू ओरडली आणि रागाने तिने पाय झटकला. जड प्लास्टर धाडकन पेटीवर आदळलं. पेटी कलंडली, मागची फळी निखळली आणि सगळ्यांना आतलं दिसलं.

आत काहीच नव्हतं.

ना पंख, ना टोपी. नुसता काळोख आणि एक कोळ्याचं जाळं.

मुमताजच्या ओंजळीतले थेंब सांडले. एकेक करून मुलं उभी राहिली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता.

"रिकामी?" शेवटी बकुळाच म्हणाली. "आधीपासून रिकामी?"

पेटीवाला मिशीला पीळ देऊ लागला. "म्हणजे कसं, किल्ली फिरली की मग आम्ही ठरवतो आत काय ठेवायचं. बहुतेक वेळा टोपीच."

"मग पंख आहेत तरी कुठे?"

पिसोळी केव्हाच भिरभिरत टेकडीमागे गेली होती. तिथून तिची हाक आली. सगळी मुलं धावली. टेकडीमागे डोंगराएवढी एक कोठी होती, तिला लोखंडी दार, दाराला झरोका. बकुळाने आत डोकावलं. पंख! खुंट्यांवर, दोऱ्यांवर, छतापर्यंत. निळे, केशरी, डाळिंबी, शेकडो पंख धूळ खात लटकले होते.

"एवढे होते?" मुमताज कुजबुजली. "आणि आम्ही तिकडे..."

परी बकुळाच्या खांद्यावर येऊन बसली. "आता माग. निशूसाठी मागितलेस तर या घडीला तिला सोन्याचे पंख मिळतील, बेटावर कुणाचेच नसतील असे. सगळ्यांसाठी मागितलेस तर या कोठीतले साधे पंख वाटले जातील. आणि तू शेवटी."

बकुळाने मुलांच्या लाल बोटांकडे पाहिलं. मग मान वळवून पाठीवरच्या निशूला विचारलं, "तू सांग."

निशूने ओठ चावला. सोन्याचे पंख! मग बहिणीच्या कानात म्हणाली, "ताई, एकटीने वर जाऊन काय करू? बोलू कुणाशी?"

बकुळाने तिचा हात घट्ट धरला आणि मोठ्याने म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी हा खेळ घेतला, त्यांना अख्खा खेळ मिळू दे. आज खेळणाऱ्यांना आणि उद्या येणाऱ्यांनाही. एकही दार बंद नको."

करकर करत लोखंडी दार उघडलं. धूळ उडाली, ती चांदीची झाली, आणि पंख थव्याथव्याने बाहेर आले. डाळिंबी पंख मुमताजच्या पाठीला लागले, ती एवढ्या जोरात किंचाळली की ढगच बाजूला सरकले. बकुळाच्या पाठीवरचं ओझं हलकं झालं, आणखी हलकं झालं, मग उरलंच नाही. तिने वर पाहिलं. निशू उडत होती! पांढऱ्या प्लास्टरसकट, केशरी पंखांनी, जांभळ्या समुद्रावरून.

"ताईऽऽ! पाय लागतच नाहीत गंऽऽ!"

एकेक मूल वर गेलं. पेटीवाला पालथ्या पेटीवर बसून आ वासून बघत राहिला. बेटावर एवढा हसण्याचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता.

शेवटी बकुळाची पाळी आली. ती कोठीत गेली. सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या. दोऱ्या रिकाम्या होत्या. एक जोडी कमी पडली होती.

बकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने फ्रॉकच्या बाहीने पुसलं. "असू दे," ती म्हणाली. "मी खालून बघते. खालूनही छान दिसतं."

पिसोळी तिच्यासमोर आली. या वेळी ती हसत नव्हती, तिचा चेहरा मऊ झाला होता. "वाटा शेवटी मिळेल असं मी म्हणाले होते. मिळणार नाही असं नव्हते म्हणाले. कोठीतले पंख संपले, बकुळा. तुझे मी विणणार आहे."

तिने आपल्या झग्याचा एक मोरपंखी धागा उसवला, ढगाचा थोडा पोपटी कापूस घेतला, समुद्रावरची एक किरणरेघ घेतली आणि भराभरा विणू लागली. पंख झाले ते बकुळीच्या फुलांसारखे, साईच्या रंगाचे, नक्षीदार. त्यांना वासही बकुळीचाच होता. बकुळाने ते पसरले मात्र, वाऱ्याने तिला अलगद उचललं. निशू आणि मुमताज दोन्हीकडून आल्या, तिघींनी हात धरले आणि बेटाच्या टोकावरच्या सगळ्यांत उंच बुरुजाला फेरी घालून आल्या.

संध्याकाळी आई घरात आली तेव्हा दोघी मुली बेटावरून परतून पडद्यासमोर बसल्या होत्या, गाल लाल, केस विस्कटलेले.

"आई, बस ना इथे," निशू म्हणाली. "आता कुलपं नाहीत. येशील का उडायला?"

"मला कुठलं जमतंय!" आई म्हणाली, पण पदराला हात पुसून बसली. बकुळाने तिच्या हातात यंत्र दिलं आणि तिचा अंगठा धरून कळ दाबली. पडद्यावरची आई टेकडीवरून झेपावली.

"अगं आई गं! पडले! नाही, नाही पडले! अगं, खाली समुद्र आहे!" आई ओरडली आणि मग लहान मुलीसारखी खदखदून हसायला लागली. मुलींनी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. दोघी तिच्याकडे बघतच राहिल्या.

खिडकीच्या चौकटीवर पिसोळी बसली होती. बकुळाने हळूच हात हलवला. परीने हात हलवला, पंख मिटले, उघडले, आणि ती उजळत गेली. आधी ज्योतीएवढी, मग कंदिलाएवढी, मग सगळी खोली मधाच्या रंगाच्या उजेडाने भरून गेली.

"एवढं ऊन कुठून आलं गं या वेळी?" आईने डोळे किलकिले करून विचारलं.

तोवर खिडकीत कुणीच नव्हतं.