टिटवीची मोजणी

हौसाची आई सात दिवसांपासून तापाने फणफणत होती. घरात औषध नव्हतं, डब्यात पीठ नव्हतं. म्हणून इवलीशी हौसा करवंदीच्या जाळ्या ओलांडून एकटीच, मागेल ते देणाऱ्या परीच्या बागेकडे निघाली. तिकडे मोठी माणसंसुद्धा जात नसत, बरं का!

बागेच्या कुंपणापाशी टिटवी किंचाळली. टिटवी ओरडली की घरातलं माणूस जातं, असं गावात म्हणत आणि तिला दगड मारून हाकलत. हौसानेही दगड उचलला. पण टिटवी जाईना. जमिनीवरच्या घरट्यात ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी होती, तरी ती त्यांच्यावर बसेना.

"एखादं हरवलंय का गं तुझं?" हौसाने दगड टाकला आणि शोधाशोध केली. चौथं अंडं जाळीखाली घरंगळलं होतं. तिने ते अलगद घरट्यात ठेवलं, तेव्हा कुठे टिटवी बसली.

बाग गुलाबी, सोनेरी, चमचमती होती. पण फुलांमध्ये दगडाची मुलं उभी होती! हौसा दोन पावलं मागे सरली.

"तीन इच्छा माग, छकुले," चंदेरी पंखांची परी म्हणाली. "मागितलेलं तू लगेच विसरशील. आणि चौथी मागितलीस, तर अशीच दगड होशील."

"आईचा ताप जाऊ दे."

"गेला."

"घरात दाणे येऊ देत."

"आले. आणखी काही?"

हौसाला काहीच आठवेना. किती मागितलं? आईचं मागितलं का? राहिलं असेल, तर आई जाईल. जास्त झालं, तर आपण दगड! तिला रडूच कोसळलं.

"टिटिव! टिटिव!" कुंपणाकडून दोनदाच आवाज आला आणि थांबला.

चारातलं एक गेलेलं हिला कळतं, हौसाला आठवलं. हिने माझ्या दोन इच्छा मोजल्या. म्हणजे एकच उरली! आणि आईचं तर मी सगळ्यात आधी मागितलं असणार. दुसरं काही आधी कसं मागेन?

तरी भीती वाटतच होती. डोळे घट्ट मिटून ती म्हणाली, "ही सगळी मुलं आपापल्या घरी जाऊ देत."

दगड हलले, हसले, पळत सुटले.

"दुसऱ्यासाठी मागणारं कुणी येईल, म्हणून किती वाट पाहिली गं!" परी म्हणाली आणि लख्ख उजेडात विरून गेली.

घरापाशी येऊनही हौसाचा दार ढकलायचा धीर होईना. इतक्यात आतून आवाज आला, "हौसे, कुठं हुंदडत होतीस गं? हाका मारून दमले मी!" आईने तिच्या गालावर हात ठेवला. हात गारगार होता.

त्या गावात आता टिटवी ओरडली की कुणी दगड उचलत नाही. आधी आपापली पोरं मोजतात.