कडू कणी आणि डिंक

झाडं आपली दुखणी बोलून दाखवत, त्या काळची गोष्ट. एका आंब्याच्या खोडावर गाठ आली आणि फुगतच चालली. खारीने तिला कान लावला, तर आत जात्याची घरघर. ते जातं झाडाचा रस दळून गाठीला भरवत होतं.

शेजारच्या कडुनिंबाने आपली कडू कणी पाठवली. "मी अडकले की जातं थांबतं," कणी म्हणाली. पण पानापानातही लहान लहान जाती होती, त्यांच्यावरच पानं जगत. कणी वाटेत भेटलेल्या पहिल्याच जात्यात अडकली. मग कडुनिंबाने आणखी कण्या पाठवल्या, तेव्हा पानं सुकली, मोहर गळला आणि गाठ तशीच राहिली.

"बास कर बाबा," आंबा कण्हला. "गाठीच्या आधी मीच जाईन."

खारीला चैन पडेना. तिने पानाचा रस चाटून पाहिला, तो गोड. गाठीचा चाटला, तर दात आंबले. हे असं का, म्हणून ती बाभळीच्या डिंकाला विचारायला गेली.

"अधाशी जातं फिरतं तिथला रस आंबतो," डिंक म्हणाला. "गोड रसात मी घट्ट राहतो, आंबटात सुटतो."

"मग कणीला पोटात घेऊन जाशील?"

डिंक गेला. वाटेतल्या जात्यांना कणीचा स्पर्शही झाला नाही. गाठीत पोचल्यावर डिंक विरघळला आणि कणी मोकळी झाली. खारीने कान लावला, तेव्हा घरघर थांबली होती.

"जातं मी थांबवलं," कणी गाठीतून ऐटीत म्हणाली. "डिंकाने काय केलं?"

आंब्याने एक कोवळं पान हलवलं. "हे राखलं," तो म्हणाला.